विमानतळावरची झडती व प्रवाशाची अब्रू

‘कर नाहीं त्याला डर कशाला’ ही म्हण आपल्या भाषेंत फार जुनी आहे, आणि घरगुती व्यवहारांत ती खोटी आहे असेंहि नाहीं. परंतु जी म्हण घरांतल्या मुलास धीर देण्यासाठीं योग्य, तीच राज्यकर्त्याच्या तोंडीं आली म्हणजे तिचा अर्थ अगदीं उलटा होतो. मुलास ती सांगते, ‘तूं निर्दोष आहेस, भिऊं नकोस.’ नागरिकास ती सांगते, ‘तूं निर्दोष असशील, तर खिसे उलटे करून दाखव.’ विमानतळावरील झडतीविषयीं, किंवा अलीकडे तेथें बसविलेल्या चेहरा ओळखणाऱ्या यंत्रांविषयीं कोणी शंका काढली, कीं आपल्या सुशिक्षित समाजांतून हीच म्हण उत्तरादाखल ऐकूं येते. ज्यांच्या तोंडून ती येते ते लोक दुष्ट नाहींत. ते पदवीधर आहेत, वर्षांतून एकदोनदां मुलाकडे अमेरिकेस किंवा मुलीकडे बंगलोरास जातात, आणि रांगेंतलीं दहा मिनिटें वांचलीं म्हणजे संतुष्ट असतात. प्रस्तुत लेख त्यांच्याशींच वाद घालण्यासाठीं लिहिला आहे.

प्रथम आमचें म्हणणें काय नाहीं तें सांगून टाकूं. झडतीच नको, असें आमचें म्हणणें नाहीं. ता. २३ जून १९८५ रोजीं ‘कनिष्क’ विमान अटलांटिक महासागरावर बाँबनें फुटलें आणि ३२९ माणसें प्राणांस मुकलीं. ता. २४ डिसेंबर १९९९ रोजीं काठमांडूहून दिल्लीस निघालेलें विमान पळवून कंदाहारास नेलें, व त्यापायीं तीन दहशतवादी सोडून द्यावे लागले. ता. ११ सप्टेंबर २००१ रोजीं अमेरिकेंत जें घडलें तें सर्वांस ठाऊक आहे. हा धोका कोणाच्या कल्पनेंतला नव्हे. शेंदोनशें जीव जमिनीपासून सात मैलांवर एका धातूच्या नळकांड्यांत कोंडलेले असतांना, त्यांतील एकाच्या हातीं शस्त्र नाहीं याची खात्री बाकीच्यांनीं मागावी, यांत अन्याय नाहीं. कंदाहारच्या प्रसंगानंतर २००० सालापासून आपल्या विमानतळांचा बंदोबस्त केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे देण्यांत आला. आठ आठ तास उभें राहून हजारों अनोळखी अंगांवरून यंत्र फिरविणाऱ्या त्या जवानाशींहि आमचें भांडण नाहीं. तो हुकमाचा ताबेदार आहे. भांडण हुकमाशीं आहे.

परंतु धोका खरा आहे एवढ्यावरून उपाय योग्य आहे असें सिद्ध होत नाहीं. आणि उपाय योग्य असला तरी तो करण्याची रीत योग्य आहे असेंहि सिद्ध होत नाहीं. हा भेद महाराष्ट्रास नवा नाहीं. १८९७ सालचा पुण्यांतील प्लेग कोणी काल्पनिक म्हणणार नाहीं. त्याच वर्षीं साथीच्या रोगांचा कायदा झाला, रँडसाहेबांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली गेली, आणि गोरे शिपाई घरोघर शिरून झडत्या घेऊं लागले. टिळकांचा विरोध रोगी वेगळे ठेवण्यास नव्हता. हिंदूंसाठीं प्लेगचें इस्पितळ काढण्यांत ते स्वतः पुढें होते. विरोध होता तो देवघरापर्यंत जाणाऱ्या बुटांस, स्त्रियांच्या अंगास हात घालणाऱ्या तपासणीस, आणि दाद न देणाऱ्या अधिकारास. प्लेगची साथ गेली; त्या झडत्यांची आठवण मात्र सव्वाशें वर्षांनंतरहि गेली नाहीं. ‘हें तुमच्याच भल्यासाठीं आहे’ असें तेव्हांहि सांगण्यांत येत होतें.

तेव्हां झडतीस आमच्या मतें तीन अटी असाव्यात. ती कारण सांगतां येईल अशा नियमानें व्हावी; ती सर्वांची सारखी व्हावी; आणि ती संपल्यावर खरोखर संपावी. या तिन्ही कसोट्यांवर आजची स्थिति घासून पाहूं.

पहिली अट नियमाची. झडतीच्या नियमांचा इतिहास पाहिला तर तो बहुतांशीं ‘बैल गेला आणि झोंपा केला’ या जातीचा आहे. डिसेंबर २००१ मध्यें एका इसमानें बुटांत स्फोटक दडवून अमेरिकेच्या विमानांत नेलें. २००६ पासून त्या देशांतील झाडून साऱ्या प्रवाशांस बूट काढावयास लावण्यांत आलें. त्याच २००६ सालीं लंडनमध्यें द्रव स्फोटकांचा कट उघडकीस आला, आणि जगभर शंभर मिलिलिटरांहून मोठी बाटली संशयित ठरली. २००९ सालच्या नाताळांत एकानें अंतर्वस्त्रांत स्फोटक शिवून नेलें. लागलीच कपड्यांच्या आरपार पाहणारीं यंत्रें अमेरिकेंत भराभर उभीं राहिलीं. बुटांचा नियम जुलै २०२५ मध्यें रद्द झाला. सुमारें वीस वर्षें कोट्यवधि वृद्ध, गरोदर बायका व लहान मुलें मोज्यांनिशीं थंड फरशीवर उभीं राहिलीं, आणि एके दिवशीं कळलें कीं आतां त्याची गरज नाहीं. कधीं होती, केव्हां संपली, याचा जमाखर्च कोणीं प्रवाशापुढें मांडला नाहीं.

आणि या साऱ्या कवायतीचें फळ काय? अमेरिकेच्या सरकारी तपासनिसांनींच गुप्तपणें आपलीं माणसें नकली शस्त्रें व स्फोटकें देऊन विमानतळांवर पाठविलीं. २०१५ सालीं त्याचा निकाल बाहेर फुटला: ७० पैकीं ६७ वेळां तीं पकडलीं गेलीं नाहींत. ज्या पहाऱ्यानें म्हातारीचे बूट हेरले, त्याला सत्तरांत सदुसष्ट शस्त्रें दिसलीं नाहींत! आपल्याकडेहि हातांतल्या पिशवीच्या चिठ्ठीवर शिक्का मारण्याची पद्धत वर्षानुवर्षें चालू होती. शिक्का राहून गेला तर विमानाच्या दारापासून मनुष्य परत पाठविला जाई. २०१७ सालीं मुंबई, दिल्ली आदि प्रमुख विमानतळांवरून ती चिठ्ठी गेली, आणि आकाश कोसळलें नाहीं. तात्पर्य, जो विधि कोणी तपासून पाहत नाहीं तो सुरक्षा राहत नाहीं, सोंवळें होतो. सोंवळ्याचा जसा स्वच्छतेशीं एके काळीं संबंध होता, तसाच या विधींचा सुरक्षेशीं.

या बाबतींत एक निवाडा लक्ष्यांत ठेवण्याजोगा आहे. अंगाची आकृति दाखविणाऱ्या यंत्रांविरुद्ध अमेरिकेंतील एका संस्थेनें फिर्याद केली, तेव्हां २०११ च्या जुलैंत तेथील अपील न्यायालयानें यंत्रें बंद केलीं नाहींत. परंतु एवढा मोठा फरक करण्यापूर्वीं जाहीर नोटीस देऊन लोकांचें म्हणणें ऐकावयास हवें होतें, असें सरकारास बजाविलें. नियम करण्यापूर्वीं ज्याच्या अंगावर तो चालवावयाचा त्याला विचारावें, एवढी साधी गोष्ट ती. ती पाळून पक्का नियम बाहेर पडावयास २०१६ साल उजाडलें. आपल्याकडे तर ती मागावी हेंच अजून कोणास सुचत नाहीं.

दुसरी अट समानतेची. आपल्या नागरी विमान सुरक्षा ब्यूरोची एक यादी आहे. तींत ज्यांची नांवें वा पदें आहेत त्यांची विमानांत चढण्यापूर्वीं झडती होत नाहीं. राष्ट्रपति, पंतप्रधान यांस सूट असावी हें समजण्यासारखें आहे. त्यांचा स्वतंत्र बंदोबस्त असतोच. पण यादी तेथें थांबत नाहीं. राज्यपाल, मुख्यमंत्री, केंद्रीय मंत्री, न्यायाधीश, परदेशांचे वकील, अशी ती लांबत जाते, आणि २०१५ पर्यंत तींत कोणतेंहि पद नसलेल्या एका खासगी गृहस्थाचें नांवहि होतें. जो नियम करतो त्यालाच नियमाचा स्पर्श होत नसेल, तर त्या नियमाची टोंचणी त्याला कळावी कशी? आमचें तर मत आहे कीं, नागरी विमानखात्याच्या मंत्र्यानें वर्षांतून चार वेळां सामान्य रांगेंत उभें राहावें. समित्यांच्या अहवालांपेक्षां त्यानें अधिक सुधारणा होतील.

२००९ सालीं माजी राष्ट्रपति डॉ. अब्दुल कलाम यांची दिल्लीस एका अमेरिकन विमानकंपनीच्या नोकरांनीं झडती घेतली. कलाम कांहीं बोलले नाहींत. संसद मात्र खवळली, आणि कंपनीनें क्षमा मागितली. पुढील वर्षाच्या डिसेंबरांत आपल्या अमेरिकेंतील राजदूत मीरा शंकर यांस मिसिसिपी राज्यांतील एका विमानतळावर बाजूस घेऊन त्यांचें अंग चांचपण्यांत आलें. साडी नेसली असल्यामुळें तसें झालें, असें तेव्हां बाहेर आलें. पुन्हां देशभर संताप. हा संताप आम्हांस मान्य आहे. आम्हांस नवल वाटतें तें त्याच्या निवडक वृत्तीचें. साडी नेसून मुलीच्या बाळंतपणासाठीं एकटी निघालेली, इंग्रजी न येणारी सातारची एखादी बाई याच प्रकारास तोंड देते तेव्हां संसद उठत नाहीं. कारण ती राजदूत नसते. म्हणजे आपण रागावलों तें स्त्रीच्या अब्रूसाठीं नव्हे, पदाच्या अब्रूसाठीं.

सर्वांत कठीण गति अपंगांची. कृत्रिम पायानें नृत्य करून कीर्ति मिळविलेल्या सुधा चंद्रन यांनीं २०२१ च्या ऑक्टोबरांत पंतप्रधानांस जाहीर विनंति केली कीं, प्रत्येक प्रवासांत आपला पाय काढून दाखविण्याची पाळी आपणांवर येते, ती टळावी. सुरक्षा दलानें दिलगिरी व्यक्त केली. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत सर्वोच्च न्यायालयानेंहि, मानवी प्रतिष्ठेसाठीं अशा प्रवाशांस कृत्रिम अवयव काढावयास लावूं नये, असें म्हटलें. प्रसिद्ध नर्तिकेनें बोलावें तेव्हां दिलगिरी, आणि न्यायालयानें बोलावें तेव्हां नियमाची भाषा! ज्यांस ना प्रसिद्धि ना वकील, त्यांनीं आपला पाय ट्रेंत ठेवून मुकाट्यानें पुढें सरकावें, असाच याचा अर्थ होत नाहीं काय?

आतां तिसरी अट, आणि आमच्या मतें हीच सर्वांत महत्त्वाची. जवानाचा हात अंगावरून फिरतो तेव्हां वाईट वाटतें; पण तो हात विसरतो. संध्याकाळपर्यंत त्यानें शेंकडों माणसें तपासलेलीं असतात; तुम्ही कोण, कोठें गेलां, कोणाबरोबर गेलां, हें त्याच्या लक्ष्यांत राहत नाहीं. या विसरण्यांतच प्रवाशाचें मोठें संरक्षण होतें. यंत्र विसरत नाहीं. त्याला विसरावयास सांगावें लागतें, आणि सांगितल्यावर तें विसरलें कीं नाहीं हें पाहण्यास आपणांस कोणी आंत घेत नाहीं.

अमेरिकेंत अंगाच्या आकृति दाखविणारीं यंत्रें बसलीं तेव्हां ‘चित्रें सांठविलीं जात नाहींत’ असें अभिवचन देण्यांत आलें होतें. २०१० सालीं माहिती बाहेर आली कीं, विमानतळांसाठीं मागविलेल्या यंत्रांत चित्रें सांठविण्याची व पाठविण्याची शक्ति मागणीपत्रांतच घातली होती. ती केवळ चांचणीपुरती आहे, असा त्यावर खुलासा झाला. त्याच वर्षीं फ्लॉरिडांतील एका सरकारी न्यायालयाच्या दारांतील अशाच जातीच्या यंत्रानें सुमारें ३५,००० चित्रें जपून ठेवल्याचें उघड झालें. पुढें कायद्यानें आज्ञा केली कीं, खऱ्या अंगाऐवजीं नुसती ठोकळेवजा आकृति दिसावी. ज्या यंत्रांस तें जमलें नाहीं तीं २०१३ मध्यें काढून टाकावीं लागलीं. म्हणजे सुरक्षा न घटवितां अब्रू राखणें प्रथमपासूनच शक्य होतें; कायद्याचा बडगा येईपर्यंत तशी कोणास निकड वाटली नाहीं, इतकेंच.

आपल्या देशांत ता. १ डिसेंबर २०२२ रोजीं दिल्ली, बंगलोर व वाराणसी येथें ‘डिजियात्रा’ सुरू झाली, आणि पुढील दोन वर्षांत पुणें, मुंबईसह वीसांहून अधिक विमानतळांवर ती पसरली. प्रवाशानें आपला चेहरा व आधारची ओळख मोबाईलमध्यें नोंदवावी. मग विमानतळाच्या दारापासून विमानाच्या दारापर्यंत चेहरा हेंच तिकीट. ओळखपत्र मोबाईलमध्येंच राहतें, विमानतळास दिलेली माहिती विमान सुटल्यापासून चोवीस तासांत पुसली जाते, आणि सारें ऐच्छिक आहे, असें सांगितलें जातें. ऐकावयास हें गोड आहे. परंतु ही योजना चालविणारी डिजियात्रा फाउंडेशन ही संस्था सरकारी खातें नव्हे, कंपनी आहे. तिचा २६ टक्के हिस्सा विमानतळ प्राधिकरणाचा. उरलेला ७४ टक्के पांच विमानतळ-कंपन्यांचा. या योजनेसाठीं संसदेनें स्वतंत्र कायदा केलेला नाहीं. जें आहे तें मंत्रालयाचें धोरणपत्र. आणि २०१८ च्या त्या धोरणपत्रांतच, सुरक्षेच्या गरजेनुसार माहिती पुसण्याची व्यवस्था बदलण्याची व सरकारी यंत्रणांस ती देण्याची वाट मोकळी ठेवलेली आहे. चोवीस तासांचें वचन, आणि वचनाच्या पोटांतच त्याचा अपवाद! शिवाय ऑगस्ट २०२२ च्या नियमांनीं परदेशी जाणाऱ्या-येणाऱ्या प्रवाशांची तिकिटाची नोंद विमानकंपन्यांनीं कस्टम्सकडे द्यावी, व ती पांच वर्षें राहावी, असें ठरविलें आहे. एका खिडकींत चोवीस तास, दुसऱ्या खिडकींत पांच वर्षें. सामान्य प्रवाशास या दोन खिडक्यांतला फरक कोण समजावून सांगतो?

‘पण हें ऐच्छिक आहे ना?’ असें आमचे मित्र विचारतील. ऐच्छिक हा शब्द आपल्या राज्यकारभारांत किती दिवस टिकतो याचा अनुभव आधारच्या वेळीं आलेला आहे. तेंहि ऐच्छिक म्हणूनच आलें. पुढें बँकेपासून मोबाईलच्या सिमपर्यंत तें मागितलें जाऊं लागलें, आणि २०१८ च्या सप्टेंबरांत सर्वोच्च न्यायालयास या दोन ठिकाणची सक्ति रद्द करावी लागली. डिजियात्रेच्या बाबतींतहि, दारांत उभे असलेले नोकर प्रवाशास नीट न सांगतांच त्याचा चेहरा टिपून नोंदणी करतात, अशा तक्रारी वर्तमानपत्रांतून आल्या, व योजना ऐच्छिक असल्याचें सरकारास पुन्हां सांगावें लागलें. ज्याच्या हातांत दोन पिशव्या, कडेवर मूल, आणि मागें रांग, त्याची संमति ही संमति नव्हे. तो फक्त वाट मोकळी करून देत असतो.

इच्छा आणि सक्ति यांतला भेद किती मोलाचा आहे, हें ज्यांस पाहावयाचें असेल त्यांनीं गांधीजींचा ट्रान्सवालमधील लढा आठवावा. हिंदी लोकांनीं बोटांचे ठसे देऊन नोंदणी करावी या हुकमाविरुद्ध ता. ११ सप्टेंबर १९०६ रोजीं जोहान्सबर्गास सभा भरली, आणि तेथून सत्याग्रहाचा उगम झाला. १९०८ च्या जानेवारींत तडजोड झाली: लोकांनीं स्वखुषीनें नोंदणी करावी, मग सक्तीचा कायदा जाईल, अशी गांधीजींची समजूत होती. त्यांनीं स्वतः ठसे दिले, आपल्याच लोकांचा रोष पत्करला. कायदा गेला नाहीं. तेव्हां ता. १६ ऑगस्ट १९०८ रोजीं दोन हजारांहून अधिक दाखल्यांची होळी झाली. ठसा तोच, बोट तेंच, शाईहि तीच. परंतु विश्वासानें दिलेला ठसा आणि फसवून घेतलेला ठसा यांत माणसाच्या अब्रूएवढें अंतर असतें. कागदाचा दाखला निदान जाळतां येत होता. चेहरा एकदां दिला म्हणजे तो परत घेतां येत नाहीं.

उरला शेवटचा आक्षेप: खासगीपणा ही पाश्चात्यांची चैन आहे, आपल्या एकत्र कुटुंबांत ती कधीं नव्हती. हें आम्हांस मुळींच पटत नाहीं. आपल्या जुन्या वाड्यांत ओसरी होती, आणि ओसरीच्या आंत माजघर होतें. सावकाराचा कारकून, गांवचा पाटील, परका पाहुणा ओसरीवर बसे. माजघराचा उंबरठा कोणीं ओलांडावयाचा हें घर ठरवीत असे, पाटील नव्हे. त्या घरांत खुद्द सुनांस आणि लेकींस तो हक्क किती होता, हा स्वतंत्र प्रश्न आहे, व त्याचें उत्तर लाजिरवाणें आहे. परंतु उंबरठा म्हणजे काय हें आम्हांस ठाऊक नव्हतें, असें कोणीं म्हणूं नये. ता. २४ ऑगस्ट २०१७ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनीं एकमतानें खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला, तेव्हां त्यांनीं परदेशांतून कांहीं आणलें नाहीं. प्रत्येक व्यक्तीस, सुनेस व लेकीसहि, तिचा उंबरठा दिला. त्या हक्कास हात घालावयाचा तर कायदा हवा, योग्य हेतु हवा, आणि उपाय हेतूच्या प्रमाणांत हवा, असेंहि तेथें सांगितलें आहे. २०२३ चा माहिती-संरक्षणाचा कायदा मात्र सरकारी यंत्रणांस सूट देण्याची किल्ली सरकारच्याच हातीं ठेवतो. उंबरठा आमचा, आणि कडी बाहेरून!

म्हणून आमचें मागणें थोडें आणि स्पष्ट आहे. झडतींत काय करतां येतें आणि काय करतां येत नाहीं हें प्रत्येक विमानतळावर त्या त्या प्रांताच्या भाषेंत ठळक लावावें. कृत्रिम अवयव, पगडी, बुरखा वा आजारपण असलेल्यांसाठीं बंद खोली आणि समजूतदार माणूस असावा. तक्रारी किती आल्या व त्यांचें काय झालें, हें दर वर्षीं प्रसिद्ध व्हावें. चेहऱ्याच्या यंत्रास संसदेचा कायदा असावा, आणि तें चालविणारी संस्था माहितीच्या अधिकाराखालीं यावी. चेहरा न देणाऱ्यासाठींहि तितकींच दारें, तितकेच जवान असावेत. नाहीं तर दहा मिनिटांच्या लांचानें अब्रू विकत घेतल्यासारखें होईल. आणि झडतीच्या सवलतीची यादी अर्ध्यावर आणावी.

यांतल्या एकाहि गोष्टीनें एकहि शस्त्र विमानांत जाणार नाहीं. उलट, जो पहारा आपल्या नियमांचीं कारणें सांगूं शकतो तोच पहारा डोळे उघडे ठेवून उभा असतो. तेव्हां ‘कर नाहीं त्याला डर कशाला’ ही म्हण यापुढें आपण प्रवाशास ऐकवूं नये. झडती घेणाऱ्यानें आपले नियम, आपल्या वह्या आणि आपलीं यंत्रें उघडीं करून दाखवावींत. कर नसेल, तर त्याला तरी डर कशाला?